सत्तावीस देशांची एक वेस : युरोपीय संघाचे व्यापारधोरण आणि मराठवाड्याचा माल

युरोपीय संघ हा देश नव्हे. त्याच्याकडे स्वतःचे सैन्य नाही, नागरिकांवर आयकर बसवण्याचा अधिकार नाही. सत्तावीस सदस्य देशांची सत्तावीस सरकारे आपापल्या राजधानीतून कारभार पाहतात. मात्र बाहेरचा माल आत येऊ लागला की या साऱ्या देशांना वेस एकच. न्हावाशेव्याहून निघालेला कंटेनर रॉटरडॅमला उतरो, हॅम्बुर्गला उतरो की जेनोआला, त्यातल्या मालावरचे शुल्क सगळीकडे तेवढेच. ते एकदा भरले की माल पोलंडमधल्या दुकानापर्यंत पोहोचेतो वाटेत दुसरा नाका लागत नाही. सीमाशुल्क संघ म्हणतात तो हाच. युरोपीय संघाची जागतिक व्यापारातली ताकद मुळात या व्यवस्थेतून आली आहे.

मराठवाड्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात या प्रदेशाच्या सीमेवर संस्थानाचे स्वतःचे सीमाशुल्क होते आणि त्याला करोडगिरी म्हणत. गोदावरीपलीकडचा नगर जिल्हा मुंबई इलाख्यात आणि अलीकडचा औरंगाबाद जिल्हा संस्थानात, त्यामुळे नदी ओलांडणाऱ्या मालाला शुल्क पडे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे ही आतली रेघ पुसली गेली. बाहेरचे शुल्क मात्र मुंबईच्या बंदरावर साऱ्या देशासाठी एकाच दराने आकारले जात राहिले. राज्याराज्यांतले विक्रीकराचे तपासणी नाके उठायला वस्तू व सेवा कराचा १ जुलै २०१७ उजाडावा लागला. युरोपने हेच काम स्वतंत्र, सार्वभौम आणि एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेल्या देशांमध्ये केले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

सीमाशुल्क संघ आणि मुक्त व्यापार क्षेत्र यांत अनेकदा गल्लत होते. मुक्त व्यापार क्षेत्रात सदस्य देश आपसातले शुल्क काढून टाकतात, पण बाहेरच्यांसाठी ज्याचा त्याचा दर वेगळा राहतो. मग कमी दराच्या देशातून माल आत घुसवून जास्त दराच्या देशात विकण्याची वाट मोकळी होते आणि ती बंद करण्यासाठी आतल्या सीमांवरही मालाचे मूळ तपासावे लागते. सीमाशुल्क संघात बाहेरचा दरच सामायिक असल्याने ही तपासणी लागत नाही. त्याची किंमत म्हणून सदस्याला स्वतःचे व्यापारधोरण सोडून द्यावे लागते. फ्रान्स किंवा जर्मनी भारताशी वेगळा व्यापार करार करू शकत नाही, तो संघच करतो. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडला, तेव्हा हा अधिकार परत मिळवणे हा त्यामागचा एक मोठा युक्तिवाद होता. भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वतंत्रपणे सह्या झाल्या, त्या यामुळेच.

ही घडण टप्प्याटप्प्याने झाली. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद सामायिक नियंत्रणाखाली आणले. तोफा ज्या दोन वस्तूंपासून बनतात, त्यांवर कोणा एकाचा ताबा राहू नये, हा हेतू उघड होता. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे आर्थिक समुदायाचा करार झाला. सहा देशांमधले अंतर्गत शुल्क संपून सामायिक बाह्य शुल्क लागू झाले ते १ जुलै १९६८ रोजी. तरीही माल अडत असे, कारण शुल्क गेले तरी प्रत्येक देशाची मानके वेगळी होती. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये बनणाऱ्या एका फळमद्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने असा निवाडा दिला, की एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनवून विकली जाणारी वस्तू सबळ कारणाशिवाय दुसऱ्या सदस्य देशाने अडवू नये. १ जानेवारी १९९३ रोजी एकल बाजारपेठ प्रत्यक्षात आली, ती या निवाड्याने मोकळ्या केलेल्या वाटेवरून.

निर्णयाची रीत मात्र सरळ नाही. ब्रुसेल्समधला युरोपीय आयोग वाटाघाटी करतो. त्यासाठीची अनुमती सदस्य सरकारांची परिषद देते. केवळ व्यापाराच्या करारासाठी साधारणपणे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असे दुहेरी बहुमत पुरते. २००९ च्या लिस्बन करारापासून युरोपीय संसदेची संमतीही लागते. करारात सदस्य देशांच्या अखत्यारीतला एखादा विषय शिरला, तर तो प्रत्येक देशाच्या संसदेकडे जातो आणि काही ठिकाणी प्रांतांच्या विधिमंडळाकडेही. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेल्जियमच्या वॅलोनिया या एका प्रांताने कॅनडाबरोबरचा संपूर्ण करार काही दिवस रोखून धरला होता. त्यानंतर संघाने गुंतवणूक संरक्षणाचा विषय व्यापार करारापासून वेगळा काढायला सुरुवात केली. भारताबरोबर २०२२ मध्ये वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन अशा तीन स्वतंत्र करारांची मांडणी झाली, ती याच धड्यातून. सीमेवर गोळा होणारे शुल्कही ज्या त्या देशाचे राहत नाही. वसुलीचा खर्च म्हणून २५ टक्के त्या देशाला मिळतात, उरलेले संघाच्या तिजोरीत जातात.

सुमारे ४५ कोटी लोकसंख्येची ही बाजारपेठ चीन आणि अमेरिका यांच्या बरोबरीने जगातल्या तीन सर्वांत मोठ्या व्यापारी शक्तींत गणली जाते. जागतिक व्यापार संघटनेत सदस्य देशांबरोबर संघ स्वतःही सदस्य आहे. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात डॉलरखालोखाल युरो असून त्याचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे. २०२४ मध्ये भारत आणि संघ यांच्यातला वस्तुव्यापार सुमारे १२० अब्ज युरोंचा होता. भारताच्या एकूण वस्तुव्यापारात हा वाटा ११ टक्क्यांच्या वर जातो, तर संघाच्या व्यापारात भारताचा वाटा अडीच टक्क्यांच्याही आत आहे. वाटाघाटीत कोणाला किती घाई असावी, हे बऱ्याच अंशी या दोन आकड्यांवरून ठरत आले.

पश्चिमेच्या वेशीवर शुल्क भरण्याचा या भूमीचा अनुभव फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या दोन नगरांचा उल्लेख आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून सुती कापड, अवघड वाटांनी गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. पैठणपासून भडोच वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे तो नोंदवतो. कल्याणच्या बंदरात येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असेही त्यात आहे. बंदर कोणाचे आणि शुल्क कोणाचे, हा झगडा तेव्हाही होता. हा माल रोमन साम्राज्यात शिरताना किमतीच्या २५ टक्के कर भरत असे. केरळमधल्या मुझिरिसशी झालेल्या व्यापाराच्या एका पपायरसवर त्याचा हिशेब आजही वाचायला मिळतो.

आजच्या युरोपीय संघाचे सरासरी शुल्क त्या मानाने किरकोळ, सुमारे पाच टक्क्यांच्या आसपास आहे. कपड्यांवर ते १२ टक्क्यांपर्यंत जाते, मोटारींवर १० टक्के आहे आणि शेतमालाच्या काही प्रकारांवर त्याहून पुष्कळ जास्त आहे. सर्वांत गरीब देशांना २००१ पासून शस्त्रे सोडून सर्व वस्तूंवर शुल्कमाफी आहे. बांगलादेशाचा सदरा युरोपात बिनशुल्क पोहोचतो आणि भारताच्या सदऱ्यावर नऊ ते बारा टक्के बसत आले, ते या सवलतीमुळे. मराठवाड्याचा कापूस सूत होऊन परदेशी जातो आणि शिवण दुसऱ्याच्या पदरात पडते, यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

तरीही संघाची खरी ताकद शुल्काच्या तक्त्यात शोधणे चुकीचे ठरेल. शुल्क पैशाने भरता येते. मानक मात्र पैशाने भागत नाही, ते पाळावे लागते आणि पाळल्याचा पुरावा द्यावा लागतो. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याच्या अभ्यासक अनू ब्रॅडफर्ड यांनी २०१२ मध्ये या प्रभावाला 'ब्रुसेल्स परिणाम' असे नाव दिले. एवढी मोठी बाजारपेठ सोडवत नाही आणि दोन प्रकारचा माल बनवणे परवडत नाही, म्हणून जगभरचे उत्पादक युरोपचा नियम आपल्या सगळ्याच मालाला लावून टाकतात. ज्यांनी तो नियम केला, त्यांना त्या उत्पादकांनी कधी मत दिलेले नसते.

महाराष्ट्रात हे प्रथम कळले ते द्राक्षबागायतदाराला. संघाच्या ३९६/२००५ या नियमानुसार एखाद्या कीडनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर ती आपोआप किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरली जाते. शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम, असा त्याचा अर्थ होतो. २००३ मध्ये महाराष्ट्राच्या द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडल्यावर निर्यातीची सारी पद्धतच बदलावी लागली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीपूर्वी नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊसचा क्रमांक आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय असा साचा तयार झाला. शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय प्राधिकरणाची 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था २००६ मध्ये आली, तिच्या पाठीशी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र होते. एवढे करूनही २०१० मध्ये घाव बसलाच. वेलीची शेंड्याकडची वाढ रोखण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, शेतकऱ्यांच्या तोंडी 'सीसीसी'चे, अंश युरोपात सापडले. भारतातल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. अहवाल स्वच्छ घेऊन निघालेले कंटेनर तिकडच्या बंदरात अडकले, भाव कोसळला आणि नाशिक पट्ट्यातल्या बागायतदारांचे हंगामाचे गणित मोडले. दोष बागेत होता, यादीत होता की सूचना वेळेवर न पोहोचण्यात, हा वाद पुष्कळ चालला. तोटा मात्र बहुतांशी शेतकऱ्यानेच सोसला, आणि हे न्याय्य नव्हते.

आंब्याची गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी आढळल्या. १ मे २०१४ पासून संघाने आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात थांबवली. ब्रिटन त्या वेळी संघातच होता. त्यामुळे लंडन आणि लेस्टरमधल्या भारतीय घरांत येणारा आंबाही ब्रुसेल्सच्या त्या निर्णयाने बंद झाला. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला, तोवर एक हंगाम हातचा गेला होता. या बंदीने पॅकहाऊस, उष्णजल आणि उष्णबाष्प प्रक्रिया यांना गती दिली. मराठवाड्याच्या केसर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जालन्यात कृषी पणन मंडळाचे केसर आंबा निर्यात सुविधा केंद्र उभे आहे.  पण मानांकन म्हणजे परवाना नव्हे. त्याने नावाचे रक्षण होते. युरोपच्या वेशीवर विचारली जाते ती फवारणीची वही आणि प्रक्रियेचा दाखला. एका देशाच्या तपासणीत दोष निघाला, की तत्काळ इशारा यंत्रणेमार्फत बातमी बाकीच्या सव्वीस देशांना कळते, त्यामुळे एका बंदरात नाकारलेला माल दुसरीकडे वळवण्याची सोयही उरत नाही.

उद्योगांचा अनुभव यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण छत्रपती संभाजीनगर या व्यवहारात दोन्ही बाजूंना आहे. शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून मोटारी तयार होत आहेत. त्यांतल्या अनेक युरोपातून सुट्या भागांच्या संचाच्या, म्हणजे सीकेडी, रूपात येऊन येथे जोडल्या गेल्या. पूर्ण बांधणीच्या परदेशी मोटारीवर भारताचे शुल्क शंभर टक्क्यांच्या घरात आणि संचावर त्याच्या काही अंशच, या फरकावर अशा कारखान्याचे अर्थकारण उभे असते. एखादी खेप 'संच' धरायची की 'सुटे भाग', यावरूनही दर बदलतो. २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने याच मुद्द्यावर सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली आणि कंपनीने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. उलट दिशेने पाहता, वाळूजमध्ये वाढलेल्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे कारखाने इटली आणि जर्मनीत आहेत. वेशीबाहेरून माल पाठवण्यापेक्षा वेशीच्या आत जाऊन तो बनवणे, हा सामायिक शुल्काला उद्योगाने दिलेला जुना प्रतिसाद आहे. वाळूजमधलीच एंड्रेस अँड हाउजर ही प्रवाहमापके बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची आहे, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. त्याचा 'एफ्टा' हा चार देशांचा गट वेगळा असून भारताशी त्याचा करार १० मार्च २०२४ रोजी होऊन १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. नकाशावर शेजारी असलेले देश शुल्काच्या तक्त्यात किती दूर असू शकतात, हे एकाच औद्योगिक वसाहतीत दिसते.

संघाचे तिसरे हत्यार व्यापार-उपायांचे आहे. १९९९ मध्ये भारतीय पॉलिस्टर फिल्मवर अनुदानविरोधी आणि २००१ मध्ये डम्पिंगविरोधी, म्हणजे देशातल्या किमतीपेक्षा स्वस्त निर्यातीवरचे, शुल्क बसले. वाळूज आणि चिकलठाण्यात ही फिल्म बनवणारी गरवारे पॉलिस्टर त्या आदेशांत नाव असलेल्या भारतीय कंपन्यांपैकी एक होती. निर्यातदाराला देशात मिळणारी शुल्कसवलत युरोपच्या लेखी 'अनुदान' ठरते आणि तेवढा आकडा वेशीवर परत वसूल केला जातो. अशा हिशेबात संघ नेहमीच बरोबर असतो असे नाही. सुती चादरी-अभ्र्यांच्या डम्पिंगच्या प्रकरणात संघाने सरासरी काढताना एक युक्ती वापरली होती. जे प्रकार देशातल्या किमतीपेक्षा स्वस्त विकले गेले, त्यांतला फरक मोजला. जे महाग विकले गेले, तो फरक वजा करण्याऐवजी शून्य धरला. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि मार्च २००१ मध्ये अपील मंडळाने ही रीत नियमबाह्य ठरवली. २००४ मध्ये शुल्कसवलतींच्या आणखी एका वादातही निकाल भारताच्या बाजूने गेला. नियमांच्या जोरावर उभा असलेला संघ त्याच नियमांनी बांधला जाऊ शकतो, हे या दोन निकालांनी दाखवले. २०१९ च्या अखेरीपासून ते अपील मंडळ सदस्यांच्या नेमणुकीअभावी ठप्प आहे, ही लहान निर्यातदारांसाठी खरी हानी आहे.

सर्वांत नवा नियम कार्बनचा आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन या वस्तू बनवताना झालेल्या उत्सर्जनाची किंमत आयातदाराकडून वसूल करणारी सीमायंत्रणा १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ नोंदींसाठी सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून पुऱ्या अमलात आली. तिच्या पहिल्या यादीत पोलादाचे नट-बोल्ट आहेत, तर दुचाकीचा तयार शॉकअब्सॉर्बर नाही. म्हणजे वाळूजच्या मोठ्या कारखान्याचा जोडलेला भाग सुटतो आणि त्याच भागाला लागणारा बोल्ट थेट निर्यात करणारा लघुउद्योजक सापडतो. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी आयात करणाऱ्या युरोपीय ग्राहकाला सूट आहे. पण ही मर्यादा ग्राहकाच्या एकूण आयातीची आहे, पुरवठादाराची नव्हे. त्यामुळे लहान पुरवठादाराकडेही भट्टीची, विजेची आणि कच्च्या मालाच्या उत्सर्जनाची आकडेवारी मागितली जाते. उत्सर्जन कमी व्हायला हवे, याबद्दल दुमत नाही. दुष्काळाचे चटके सोसणाऱ्या मराठवाड्यात तर नाहीच. मात्र दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या खंडाने नोंदींचा हा खर्च वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यावर टाकावा, हे पटण्यासारखे नाही.

भारत आणि संघ यांच्यातल्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या आणि २०१३ मध्ये थांबल्या. मोटारी व मद्यावरचे भारताचे शुल्क, औषधांच्या चाचणी-माहितीवरचा हक्क आणि भारतीय व्यावसायिकांना युरोपात काम करण्याची मुभा या मुद्द्यांवर गाडे अडले होते. २००८ च्या सुमारास भारतातून ब्राझीलला जाणारी जेनेरिक औषधे नेदरलँड्समध्ये वाटेतच अडवली गेल्याने अविश्वास वाढला होता. जून २०२२ मध्ये बोलणी पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये अमेरिकेने युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के आणि भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लादल्यावर दोन्ही बाजूंची घाई वाढली. २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली.

ठरलेल्या मसुद्याप्रमाणे भारतीय कापड आणि तयार कपड्यांवरचे युरोपीय शुल्क जाणार आहे. युरोपीय मोटारींवरचे भारताचे शुल्क वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरेल आणि सुट्या भागांवरचे पाच ते दहा वर्षांत संपेल. कार्बन यंत्रणेतून भारताला सूट मिळालेली नाही. शेंद्र्याच्या जोडणी कारखान्याला संच आणि पूर्ण मोटार यांच्या शुल्कातल्या ज्या अंतराने आधार दिला, ते अंतर या तक्त्यात आक्रसत जाते. वाळूजच्या भाग-उत्पादकांना युरोपचे शुल्क उतरल्याचा लाभ होईल, पण त्यासाठी माल खरोखर भारतात बनल्याचे, त्यातले बाहेरचे भाग ठरलेल्या प्रमाणात असल्याचे प्रत्येक खेपेत सिद्ध करावे लागेल. माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतून निघणाऱ्या पेटीसोबत जाणारा उगमाचा दाखला तेथे कामी येईल. मात्र त्याआधी मसुद्याची कायदेशीर छाननी, संघाच्या चोवीस अधिकृत भाषांतले अनुवाद, परिषदेची मान्यता आणि सह्या, युरोपीय संसदेची संमती आणि भारताची मंजुरी हे टप्पे आहेत. तोवर दोन्ही वेशींवर जुनेच दर लागू राहतात.